फिदाल्गोच्या वाटेने : अथाल ते उधवा

मुंबईहून निघालेली गाडी तलासरी, अच्छाड मागे टाकते, भिलाडला महामार्ग सोडते आणि नरोलीच्या रस्त्याला लागते. गुजरातची हद्द संपली हे सांगायला कमानीची गरज पडत नाही. दारूची दुकानं आणि बार ओळीने दिसायला लागले की समजायचं, केंद्रशासित प्रदेश आला. पुढे कारखान्यांची फाटकं, पाळी सुटली की सायकलींचे आणि रिक्षांचे लोंढे, मधूनच एखादं रिसॉर्ट. नरोली आणि सिल्वासा यांच्या मध्ये, दमणगंगेच्या काठी अथाल लागतं. बहुतेकांच्या लेखी ते सिल्वाशाचं एक उपनगर. शनिवारी रात्री मुक्कामाला यायचं, रविवारी पोहायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, एवढाच त्यांचा अथालशी संबंध.

या पाहुण्यांमधले थोडे चौकस असतात ते रिसॉर्टच्या दारातच गाडी ठरवतात. आठ तास, ऐंशी किलोमीटर, चालक सोबत. हा चालक हाच वाटाड्या. तो गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली एकाच वाक्यात वापरतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘साहेब, वासोणा आधी करायचं की दुधनी?’ त्याच्याकडे ठिकाणांची एक तयार यादी असते. यादी वाईट नाही, पण या प्रदेशाची खरी गोष्ट त्या ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यावर घडलेली आहे, आणि ती यादीत नाही.

आधी यादीतलं. इथे राष्ट्रीय उद्यान नाही. दादरा आणि नगर हवेलीचं वन्यजीव अभयारण्य आहे, २००० साली जाहीर झालेलं, साधारण ९२ चौरस किलोमीटरचं. आख्खा प्रदेशच ४९१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा, हे ध्यानात घेतलं तर हा वाटा लहान नाही. साग, खैर, ऐन, मोह, बांबू हे इथलं जंगल. त्यात बिबट्या आहे, पण तो दिसेल या आशेने येऊ नये. प्राणी बघायचे तर सिल्वासा ते खानवेल रस्त्यावर दोन कुंपणबंद जागा आहेत. दपाड्याजवळच्या सातमालियात चितळ, सांबर, नीलगाय, काळवीट. वासोण्याच्या सिंह सफारीत गीरहून आणलेले सिंह. वासोण्याला तुमची भाड्याची गाडी फाटकाबाहेरच राहते आणि आत त्यांच्या जाळीच्या बसमधून फिरवतात. सिंह अर्थातच दिसतो, तो जाणार कुठे? मुलं खूश होतात. मोठ्यांनी मात्र सातमालियातच जास्त वेळ काढावा. सकाळी लवकर गेलात तर चितळांचा कळप सागाच्या सावल्यांत नजरेला फसवतो, आणि सोबतचा माणूस वारली किंवा कोकणा असेल तर तुम्हाला नुसतं झाड दिसतं तिथे त्याला कान दिसतात.

खानवेल सिल्वाशापासून वीसेक किलोमीटरवर. साकरतोड नदीच्या काठचं हे गाव आहे, आणि आठवडे बाजाराचा दिवस साधला तर बाकी सगळी यादी सोडून दिली तरी चालेल. वार चालकाला विचारून घ्यावा. नागली, तूर, बांबूच्या टोपल्या, कोयते, आणि त्यांच्या शेजारी सुके बोंबील आणि जवळा. जंगलातल्या बाजारात समुद्राचा वास येतो तो या सुक्या मासळीमुळे. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी वारली घरात अजूनही तिच्यावर होते.

खानवेलच्या पुढे रस्ता वळणं घेत दुधनीला जातो. दमणगंगेवर मधुबन धरण झालं आणि त्याचं पाणी इथवर पसरलं. डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले, त्यांची बेटं झाली. पर्यटनाची पत्रकं या जागेला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. काश्मीरच्या ‘शिकारा’सारख्या छताच्या नावा आहेत हे खरं. बाकी काश्मीरचा काही संबंध नाही आणि तो असायचं कारणही नाही. पावसाळा संपताना काठोकाठ भरलेला जलाशय देखणा दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठाने उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसतो, आणि कुणाची तरी शेतं या पाण्याखाली आहेत हे तेव्हा जाणवतं. धरणाचं पाणी वापीच्या उद्योगांना, दमणला, गुजरातच्या शेतीला जातं. गावं उठली ती मात्र इथल्या आदिवासींची.

आता यादीत नसलेलं.

नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली ती आपल्यामुळे. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचं एक पोर्तुगीज जहाज १७७२ मध्ये निकामी केलं. पुढे १७७९ च्या तहात पेशवे दरबाराने त्याची भरपाई म्हणून बारा हजार रुपये वार्षिक वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं, आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. म्हणून तर नकाशा असा विचित्र आहे : दादरा वेगळं, नगर हवेली वेगळी, मध्ये गुजरातची पट्टी, आणि नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे पुन्हा गुजरातचं गाव. वापीहून दादऱ्यामार्गे सिल्वाशाला येणारी गाडी अर्ध्या तासात तीनदा हद्द बदलते.

पोर्तुगिजांनी सिल्वाशाला मुख्य ठाणं केलं ते १८८५ मध्ये. चौकातलं जुनं चर्च त्याच काळाच्या आसपासचं. त्यांचा मुक्काम त्यानंतर सत्तर वर्षंही टिकला नाही. आणि तो कसा संपला, हे ज्या रस्त्यावर अथाल आहे त्याच रस्त्यावर सांगता येतं.

१९५४ साली २२ जुलैच्या पहाटेपर्यंत ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतलं. त्यानंतर आठवड्याच्या आत, २८ जुलैच्या रात्री, आझाद गोमांतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी नरोलीची चौकी घेतली. जुलैअखेर म्हणजे दमणगंगा दोन्ही थड्या भरून वाहण्याचे दिवस. नरोलीनंतर सिल्वासा हाकेच्या अंतरावर. २ ऑगस्टला तेही पडलं. या तुकड्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि सुधीर फडके होते. फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, आवाजावर वाढलेल्या तीन पिढ्या महाराष्ट्रात आहेत, पण हा माणूस नगर हवेलीच्या मोहिमेत प्रत्यक्ष उतरला होता हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मोहिमेला पैसा लागणार म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. दक्षिणेकडच्या गावांत लाल बावट्याचे वारली कार्यकर्तेही याच सुमारास उतरले होते. एकमेकांचं तोंड न बघणारे हे सगळे पक्ष इतक्या लहान मुलखात, इतक्या थोड्या दिवसांत एकाच कामाला लागलेले होते.

पोर्तुगिजांचा इथला अधिकारी कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो. त्याने सिल्वासा सोडलं आणि दीडशेच्या आसपास शिपाई घेऊन तो खानवेलकडे गेला. आपण सिंह आणि हरणं बघत जातो तो हाच मार्ग. खानवेलला थांबून पुढे जंगलातून तो उधव्याला पोचला. उधवा आज पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात आहे. तिथे ११ ऑगस्ट १९५४ रोजी त्याने भारतीय राखीव पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. भर पावसात, शेतांत लावणी चालू असताना, परक्या राजवटीचे अखेरचे शिपाई चिखल तुडवत या वाटेने गेले.

पुढची सात वर्षं तर कादंबरीकाराच्या हाती द्यावीत अशी. हा मुलूख पोर्तुगालचा राहिला नाही आणि कागदोपत्री भारताचाही झाला नाही. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दमणहून इकडे यायचा मार्ग मागितला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात सैन्य आणि शस्त्रं न्यायचा हक्क त्याला मिळाला नाही. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही कुणी करायची हा प्रश्न आला तेव्हा के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं या मुलखाचं पंतप्रधान करण्यात आलं आणि करारावर पंडित नेहरूंसोबत त्यांची सही झाली. तारीख पुन्हा ११ ऑगस्टच.

रस्त्यावर घडलेला असा इतिहास गाडीतून दाखवायची सोय दुसरीकडे आहे. अमेरिकेत गेटिसबर्ग नावाचं गाव आहे. तिथे १८६३ मध्ये यादवी युद्धातली मोठी लढाई झाली. १९१५ पासून तिथे परीक्षा देऊन परवाना मिळवलेले वाटाडे आहेत. ते तुमच्याच गाडीत, तुमच्या जागी चाकामागे बसतात आणि रणभूमी फिरवून आणतात. कुठली तुकडी कुठल्या टेकाडामागे होती ते गाडी थांबवून दाखवतात. मेन राज्यात समुद्रकाठच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातही गाडीतून फिरायचा एक वळसा आहे, सत्तावीस मैलांचा, आणि तिथेही माहितगार माणूस सोबत घेता येतो. नरोली, अथाल, सिल्वासा, खानवेल, उधवा हा रस्ता त्याहून मोठा नाही. जंगल आहे, नदी आहे, इतिहास तर ताजा आहे. परवान्याचा वाटाड्या तेवढा दिसत नाही. चालकाला फिदाल्गो माहीत नसतो. त्याचा दोष नाही. कुणी त्याला सांगितलेलं नाही. पण त्याला दुसरं बरंच माहीत असतं, आणि ते विचारायचं गिऱ्हाइकाला सुचत नाही.

उदाहरणार्थ, घरं. खानवेलच्या आसपास रस्त्यापासून जरा आत अजून कुडाची घरं सापडतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गेरूचा हात. लग्न ठरलं की आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला केलेला असतो, आणि पिठात गोंद घालतात म्हणजे रेघ उडत नाही. चौकाच्या मधोमध पालघट देवी. हा चौक देवीचा आहे आणि लग्नाचा आहे. सिल्वाशातल्या दुकानांत फ्रेममध्ये मिळतो तो त्याचा दूरचा नातेवाईक. चालकाच्या ओळखीचं घर असेल, घरच्यांना आधी विचारलं असेल, तरच आत जावं. रिकाम्या हाताने जाऊ नये आणि पोरांना पैसे वाटू नयेत. नुसती गाडी थांबवून खिडकीतून फोटो काढणारे पाहुणे रोज येतात, आणि त्यांना बघून गावातल्या बायका तोंड फिरवतात, ते योग्यच आहे.

दुधनीला जाऊन आलात की ऐंशी किलोमीटर तिथेच संपतात, हे गाडी ठरवताना लक्षात असू द्या. दुधनी आणि उधवा दोन्ही हवं असेल तर किलोमीटरवर नव्हे, दिवसावर भाडं ठरवावं आणि चालकाचं जेवण आपल्याकडे धरावं. मुंबईकरांसाठी माझी शिफारस वेगळी आहे. स्वतःच्या गाडीने आलात तर अथालला मुक्काम करा, स्थानिक माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या, आणि परत जाताना आल्या वाटेने भिलाडला जाऊ नका. खानवेलहून उधव्याला उतरा आणि तिथून तलासरी गाठा. महामार्ग तिथेच भेटतो. तलासरीलाही स्वतःचा इतिहास आहे. १९४५ च्या मे महिन्यात जवळच्या झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगारी नाकारणारा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहून ठेवला आहे. पुस्तक गाडीत ठेवलं तर वाटाड्यालाही उपयोगी पडेल.

ज्यांना समुद्रच हवा त्यांच्यासाठी दुसरा दिवस. अथालहून नदीच्या कलाने खाली तीसेक किलोमीटरवर दमण. वाटेत दादऱ्याचं वनगंगा उद्यान आहे. हिंदी चित्रपटांची गाणी तिथे चिकार चित्रित झाली, त्यामुळे कुठला तरी पूल ओळखीचा वाटतो. दमणला नदी समुद्राला मिळते, दोन काठांवर दोन किल्ले, मोठी दमण आणि नानी दमण. मोठ्या दमणच्या तटाच्या आत १६०३ मध्ये पूर्ण झालेलं बॉम जीझसचं चर्च आहे. लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं. जामपोरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र बघायला चालत जावं लागतं. २०२० च्या २६ जानेवारीपासून दमण आणि सिल्वासा एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत, पण दोन्हींमधला रस्ता गुजरातमधूनच जातो. आणि गुजरातेत दारूबंदी आहे. तेव्हा डिकीत बाटली ठेवून निघालात तर हेगच्या न्यायालयाने कुणाच्या बाजूने निकाल दिला होता हे वापीच्या नाक्यावर कामाला येणार नाही. जाता जाता दोन सूचना : वासोण्याची सफारी सोमवारी बंद असते, आणि पावसाळ्यात दुधनीला निघण्याआधी नावा चालू आहेत का ते विचारून घ्यावं. पाण्याचा जोर असला की त्या बांधून ठेवतात.