चिल्लरीतला दंड आणि दहा रुपयांचा अर्ज

अन्यायकारक वाटणारा किरकोळ दंड भरायचा, पण चिल्लरीत, ही नागरी निषेधाची अनेक देशांत आढळणारी रीत आहे. खिडकीवर नाण्यांची थैली रिकामी होते, कारकून एकेक नाणे मोजत बसतो आणि मागची रांग ताटकळते.

भारतात नाणे अधिनियम, 2011 च्या कलम 6 नुसार एक रुपया व त्याहून अधिक मूल्याची नाणी 1000 रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन, म्हणजे देणे फेडण्यास कायद्याने मान्य असलेला पैसा, ठरतात. पन्नास पैशांच्या नाण्यांना ही मर्यादा अवघी 10 रुपयांची आहे.

मात्र या निषेधाचा भार नियम करणाऱ्यावर न पडता मोजणाऱ्यावर पडतो, हे त्याचे मोठे वैगुण्य होय.

त्यापेक्षा माहिती अधिकार अधिनियम, 2005 खालील 10 रुपयांचा अर्ज कितीतरी परिणामकारक आहे, कारण पावतीचा क्रमांक व तारीख देऊन दंड कोणत्या नियमान्वये आकारला याची नोंद मागितल्यास उत्तर सामान्यतः 30 दिवसांत द्यावे लागते आणि सबळ कारणाविना टाळाटाळ झाल्यास माहिती आयोग त्या माहिती अधिकाऱ्यालाच दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत, दंड करू शकतो.