वारस नसलेले गड

इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा पटावरचा युद्धखेळ बाजारात आणला. रिक प्रिस्टली यांनी कल्पिलेल्या त्या दूरच्या भविष्यात ‘स्पेस मरीन’ नावाचे लढवय्ये संन्यासी आहेत. हजारेक जणांचा एक संघ आणि बहुतेक संघांचा आपापला गडमठ. स्पेस वुल्व्ह्‌स या संघाचा ‘फँग’ फेनरिस या बर्फाळ ग्रहावरच्या डोंगरात कोरलेला आहे. इंपीरियल फिस्ट्‌सचा ‘फॅलँक्स’ तर ताऱ्यांमधून फिरणारा अख्खा किल्लाच!

तोफा, तट, शपथा यांकडे नजर आधी जाते. मला मात्र या कल्पनेचा प्राण गडाच्या सर्वांत आतल्या कोठारात दिसतो. तिथे ‘जीन-सीड’ जपलेले असते. संन्याशाला मूलबाळ नाही, मग पुढचा योद्धा आणायचा कुठून? कोवळी मुले निवडायची आणि या बीजापासून वाढवलेले अवयव त्यांच्या शरीरात बसवायचे. मूळ कथेत ते १९ आहेत. त्यांतल्या दोन ग्रंथींत पुढच्या पिढीचे बीज तयार होते. योद्धा पडला की संघाचा वैद्य रणांगणातच त्या काढून घेतो. बीज गेले तर तट शाबूत असूनही संघ संपला.

ही भीती इतिहासातल्या संन्यासी सरदारांनी खरोखर भोगली आहे. सीरियातला क्राक दे शेव्हालिए हा गड ११४२ पासून हॉस्पिटलर पंथाकडे होता. दुहेरी तट, धान्यकोठारे, प्रार्थनामंदिर, सगळे होते. माणसे नव्हती. पूर्वेत पंथाचे जेमतेम ३०० सरदार उरल्याचे पंथप्रमुख ह्यू रेव्हेल यांनी १२६८ साली लिहिले; १२७१ मध्ये सुलतान बैबर्सने महिन्याभराच्या वेढ्यात गड घेतला.

पोलंडमधल्या मालबोर्कची कथा याहून बोलकी. १३०९ पासून तिथल्या किल्ल्यात ट्यूटॉनिक या अशाच संन्यासी सरदारांच्या पंथाचे मुख्य ठाणे होते. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत पंथप्रमुखासह असंख्य सरदार कापले गेले, तरी हाइनरिख फॉन प्लाउएन यांनी वेढ्यात झुंज देऊन किल्ला राखला. पुढच्या एका युद्धात मात्र पंथाला भाडोत्री सैनिकांवर विसंबावे लागले. त्यांचा पगार थकला, आणि १४५७ साली त्या सैनिकांनीच तो किल्ला पोलंडच्या राजाला विकून टाकला!

आपल्याकडच्या लढवय्या दशनामी नागा गोसाव्यांनी वारसाचा हा प्रश्न गुरु-चेल्याच्या नात्याने सोडवला. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या विरुद्ध, अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या बाजूने उभे राहिलेले अनुपगिरी गोसावी हे राजेंद्रगिरींचे चेले; आईने त्यांना लहानपणीच गुरूच्या हवाली केले, असे परंपरा सांगते. गुरूमागे फौज चालवली ती त्यांच्यासारख्या चेल्यांनी. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी स्नानाला येणाऱ्या शैव आखाड्यांत आजही प्रवेश मिळतो तो दीक्षेने, जन्माने नव्हे.