औंढ्याच्या माळावर चार किलोमीटरची नळी

परळीला वैद्यनाथाचे दर्शन घ्यायचे आणि तिथून गंगाखेड, परभणी करत औंढ्याला नागनाथाकडे जायचे, ही बीडकडच्या यात्रेकरूंची ठरलेली वाट. शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर. औंढ्याच्या देवळाची कथा वाटेत कुणी ना कुणी सांगतोच : नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, आता अशी एक वेधशाळा उभी राहायची आहे की जिची सारी भिस्त न हलण्यावर आहे. तिचे नाव लायगो-इंडिया.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली. पैशाची मंजुरी यायला मात्र ६ एप्रिल २०२३ उजाडले. आकडा २,६०० कोटी रुपयांचा. मराठवाड्याला अशा सात वर्षांच्या वाटेची सवय आहे, त्यामुळे कुणी फारसे हळहळले नाही. त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे.

वेधशाळा म्हटले की डोळ्यांपुढे घुमट आणि दुर्बीण येते. इथे दोन्ही नसणार. इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनात पसरलेल्या दोन नळ्या असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांब आणि माणूस वाकून आत चालू शकेल एवढ्या, सुमारे १.२ मीटर व्यासाच्या. नळ्यांतली हवा काढून बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकी उरवायची. कोपऱ्यातून लेझरचा एकच किरण दोघांत विभागून सोडायचा, टोकांच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र करायचे. दोन्ही बाहूंची लांबी तंतोतंत सारखी राहिली तर प्रकाशाच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. एका बाहूत जराशी जरी ताण-ओढ झाली तरी थोडा प्रकाश निसटतो, आणि तो मोजला जातो. एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई मीटरभराहून अधिक खाली उतरते, म्हणून नळी सरळ राहावी यासाठी जमिनीचे माप वेगळे आणि नळीचे माप वेगळे धरावे लागते.

ही ताण-ओढ कशाची? आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने सांगितले होते की प्रचंड वस्तुमाने एकमेकांभोवती गरगरली की अवकाशातच लहरी उठतात. त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा सापडल्या. सूर्याच्या अनुक्रमे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती. मिसळून जे उरले ते ६२ सूर्यांएवढे. तीन सूर्यांचे वस्तुमान लहरींत गेले. आपल्यापर्यंत पोचेतो त्या लहरींनी चार किलोमीटरच्या बाहूची लांबी किती बदलली? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. हे वाचून विश्वास बसत नाही, आणि बसू नये. म्हणूनच अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावर दोन यंत्रे बांधली होती. लिव्हिंगस्टनच्या यंत्राने लहर आधी टिपली, हॅनफर्डच्या यंत्राने सेकंदाच्या सात सहस्रांशांनी नंतर. दोन्हींवरची रेघ सारखीच होती.

पण दोन यंत्रांवरून लहर आली हे कळते, कुठून आली ते नीट कळत नाही. त्या पहिल्या लहरीचा उगम सुमारे ६०० चौरस अंश आकाशात कुठेतरी, एवढेच सांगता आले. त्यात तीनेक हजार पूर्ण चंद्र मावतील. इटलीचे यंत्र जोडीला आल्यावर १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा तीसेक चौरस अंशांत सापडली आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पुढे जपानचे यंत्र आले. तरी आकाशाचे काही पट्टे अजून धूसर राहतात. या सगळ्यांपासून दूर, पृथ्वीच्या वेगळ्याच अंगाला, एक यंत्र हवे आहे. हॅनफर्डसाठी बनवलेल्या आणखी एका संचाचे भाग अमेरिकेने आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते. तिथे पैशाचे जमले नाही, मग भारताचा विचार सुरू झाला.

औंढ्याचा हा भाग निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली. मला सगळ्यांत रस आहे तो या शांततेत, कारण समुद्राचे, पृथ्वीचे आणि आकाशाचे शास्त्र, ज्यांची विद्यापीठांत तीन वेगळी दालने असतात, ती इथे एकाच आरशावर येऊन आदळतात.

तो आरसा असा : ४० किलो वजनाचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा, शुद्ध सिलिकाचा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक काचतंतूंवर टांगलेला. वर एकाखाली एक असे चार टप्प्यांचे लंबक, आणि त्यांच्याही वर जमिनीचा हलावा ओळखून उलट दिशेने हलणारे मंच. एवढा बंदोबस्त कशासाठी, तर जमीन कधीच स्थिर नसते म्हणून. भर समुद्रात समोरासमोरून येणाऱ्या लाटा भेटल्या की त्यांचा दाब थेट तळावर पडतो आणि तिथून एक मंद थरथर खंडभर पसरते. तीन ते दहा सेकंदांत एक हेलकावा, एवढी तिची गती. औंढा अरबी समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर, बंगालचा उपसागर त्याहून लांब. तरी पावसाळ्यात समुद्र खवळला की ती तिथेही पोचणार. तिचा हेलकावा मायक्रॉनच्या घरातला असला तरी मोजायच्या बदलापेक्षा हजारो कोटी पट मोठा.

समुद्राखेरीज ट्रक, रेल्वे, वारा आहेतच. लिव्हिंगस्टनला आजूबाजूची जंगलतोड आणि आगगाडी छळत आली. हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींत विचित्र टकटक दिसू लागली. शोध घेतला तर तहानलेले डोमकावळे थंड नळावर जमलेले बर्फ चोचीने टोकरत होते.

आता जमिनीचे. मराठवाड्याचा माळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर. त्याखाली काय आहे हे आपल्याला एका मोठ्या दुःखातून कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा बीड जिल्ह्यातही लोक अंगणात धावले होते. त्या आधी दख्खनचे हे पठार अढळ समजले जाई. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली पुरातन नाइस खडक. काळ्या दगडाची चादर केवढी पातळ आहे, ते तेव्हा समजले.

खुद्द हिंगोली जिल्ह्यातही जमीन अधूनमधून कुरकुरते. औंढा, वसमत, कळमनुरीकडच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मग जागा चुकली का? माझ्या मते नाही. यंत्राला रोजची शांतता लागते. वर्षातून कधीतरी बसणारा धक्का काही तासांचे काम बुडवतो, आणि असे तास जगातल्या सगळ्याच लायगोंचे दूरदेशीच्या भूकंपांनी बुडतात. बांधकाम मात्र हे धक्के गृहीत धरूनच झाले पाहिजे. आणि या निमित्ताने त्या भागात बारकाईची भूकंपमापके कायमची बसली तर आवाज ऐकून रात्र अंगणात काढणाऱ्या गावकऱ्यांनाही उत्तर मिळेल. त्यांना ते आधीच मिळायला हवे होते.

अणुऊर्जा विभागाच्या या प्रकल्पात इंदूर आणि गांधीनगरच्या संस्थांसोबत पुण्याची आयुका आहे. आयुका म्हणजे आंतर-विद्यापीठीय केंद्र. जयंत नारळीकरांनी ते १९८८ साली उभे केले तेच मुळी विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना संशोधनाचे दार उघडावे म्हणून. तिथेच संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी, जगात कुठेही लहर सापडली नव्हती तेव्हा, कोलाहलातून तिचा माग काढायच्या पद्धती बसवल्या. अपेक्षित लहरींचे नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि नोंदीवर एकेक लावून पाहायचा. यंत्र अमेरिकेचे, पण गाळणीचे बरेचसे काम पुण्यातले.

बीड जिल्ह्यातली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला जोडलेली, औंढा नांदेडच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात. या प्रकल्पाला पदार्थवैज्ञानिक लागतील तसे निर्वात नळ्यांचे वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ आणि संगणकाची माणसेही लागतील. ती सगळी बाहेरून आली आणि आपल्या वाट्याला पहाऱ्याची नोकरी व कँटीनचे कंत्राट उरले, तर दोष एकट्या सरकारचा नसेल.

२०३० ची वाट पाहायचेही कारण नाही. पहिल्या लहरीची मूळ नोंद इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. बत्तीस सेकंदांची फाइल, दर सेकंदाला ४,०९६ आकडे. आलेख काढला की आधी दिसते ती नुसती संथ वळवळ : जमिनीची आणि यंत्राची. मंद कंपने गाळून टाकली, यंत्राचे ठरावीक सूर वजा केले, की सेकंदाच्या पाचव्या भागात ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी एक रेघ वर येते. त्यासाठीचा प्रोग्रामही तिथेच फुकट आहे. साधा लॅपटॉप पुरतो. अंबाजोगाईच्या योगेश्वरीत, बीडच्या बलभीममध्ये किंवा गेवराई-आष्टीच्या एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी येत्या सत्रात हे एक प्रात्यक्षिक घ्यावे. आयुकाच्या सुट्टीतल्या विद्यार्थी-कार्यक्रमाला अर्ज करायची हिंमत मुलांना त्यातूनच येईल.