सरासरी आणि खंड

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या गणनेत पावसाचा आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. त्या सात दिवसांत जिल्ह्यात झालेल्या पर्जन्याची अनेक वर्षांच्या सरासरीशी तुलना करून, फरक 19 टक्क्यांच्या आत असेल तर 'सामान्य', तूट 20 ते 59 टक्के असेल तर 'अपुरा' आणि त्याहूनही वाढली तर 'अत्यंत अपुरा' असा शेरा नकाशावर मारला जातो. राज्यकारभाराला हा शेरा आवश्यकच आहे. परंतु सह्याद्रीने अडवून उरलेले बाष्पच ज्याच्या वाट्याला येते आणि वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास पावसावर ज्याचा निर्वाह चालतो, त्या बीड जिल्ह्यात पाऊस किती पडला यापेक्षा दोन पावसांच्या दरम्यान किती दिवस कोरडे गेले, हाच प्रश्न अधिक जीवघेणा ठरतो.

समजा, एका रात्रीत 70 मिलिमीटर पाऊस कोसळला. महसुली दप्तरात 65 मिलिमीटरांपुढे अतिवृष्टी धरतात, तेव्हा तशी नोंद होईल. पुढे सहा दिवस कडक ऊन पडले तरी आठवड्याची बेरीज सामान्याहून अधिकच दिसेल. आणि एवढ्या अवधीत आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटावरच्या तालुक्यांतील मुरमाड रानातले पाणी उतारावरून ओढ्याला लागून गेलेले असेल. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तेथील कपाशी ताण सोसते. वरच्या हलक्या रानातले सोयाबीन मात्र दुपारीच माना टाकते. तेथला शेतकरी टक्केवारी विचारीत नाही. वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबतो, आणि तिचा लाडू वळला नाही की पावसाने ओढ दिल्याचे ओळखतो. त्याची नक्षत्रे तेरा-चौदा दिवसांची असतात, आणि खंड मोजायला तो हिशेब सात दिवसांच्या आठवड्याहून मला अधिक जवळचा वाटतो. खंडात आभाळ निवळते, पारा चढतो आणि बाष्पीभवन वाढते; अर्थात न पडलेल्या पावसाइतकाच पडलेल्याचाही ऱ्हास होतो.

1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तो 2023 चा. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बीडच्या 11 तालुक्यांपैकी वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीनच होते. पुढे तालुक्याचे माप मोठे पडते असे दिसून आल्यावर राज्यातील हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थितीचा हुकूम निघाला. त्याआधी 2018 साली मात्र बीडचे अकराही तालुके एकाच यादीत होते. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरेवरील धनेगावचे धरण 2016 च्या उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत पडले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

मंडळनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापके आता महावेध प्रकल्पाखाली उभी आहेत, म्हणजे खंडाचे दिवस मोजण्यास लागणारी सामग्री हाताशीच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित सल्ला निघतो. त्यात प्रत्येक मंडळापुढे शेवटचा पुरेसा पाऊस कोणत्या तारखेस झाला, एवढा एक रकाना वाढला, तर संरक्षित पाणी द्यायचे की कोळपणी करून ओल राखायची, हे बालाघाटावरच्या माणसाला त्याच सकाळी ठरवता येईल.