बायका जास्त, मुली कमी

गेल्या महिन्यात आमच्या कराडात एक वधू-वर मेळावा झाला. नावनोंदणीच्या टेबलावर मंडळाने मला बसवलं होतं. समोर दोन फायली, मुलांची निळी आणि मुलींची गुलाबी. दुपारी बारापर्यंत निळी फाईल इतकी फुगली की तिची नाडी बांधता येईना. गुलाबी फाईल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर मी पाण्याची बाटली ठेवली होती.

एक आई दोनदा येऊन विचारून गेल्या, “ताई, मुली अजून यायच्यात का?” तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मीच म्हटलं, “नाही हो, आल्या तेवढ्या ह्याच.” त्या तिथेच खुर्चीवर बसल्या. मुलगा तिशीचा, चार एकर ऊस, घर बांधलेलं, व्यसन नाही. “ह्याच्यात खोट काय ते तरी सांगा,” म्हणाल्या. मी काय सांगणार? त्या निळ्या फायलीत आमच्या घरचाही एक फॉर्म होता. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचा. दोन वर्षं झाली, स्थळं बघतोय.

खोट मुलात नाहीच मुळी. ती कुठे आहे, हे जनगणनेच्या आकड्यांत लिहिलेलं आहे. आकडे म्हटलं की आपण बायका पान उलटतो, पण आज उलटू नका. थोडेच आहेत आणि सगळे आपल्याच घरातले आहेत.

सातारा जिल्ह्याची एक गंमत लहानपणापासून ऐकत होते, की आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. खरंच होतं ते. १९९१ च्या जनगणनेत साताऱ्यात हजार पुरुषांमागे १०२९ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये त्या ९९५ झाल्या, २०११ मध्ये ९८८. तरीही राज्याच्या ९२९ पेक्षा कितीतरी वर. कुणीही म्हणेल, वा! सावित्रीबाईंचा जिल्हा, इथे बायकांचं बरं चाललेलं दिसतंय.

पण ह्या बायका जास्त का होत्या, हे माझ्या सासूबाई सांगायच्या. आमचं मूळ गाव पाटण खोऱ्यातलं. गावातला जवळजवळ प्रत्येक कर्ता पुरुष मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात माथाडी. उरलेले पलटणीत. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. “रात्री कुत्रं भुंकलं तर दार उघडून बघायला गावात पुरुष नसायचा,” असं सासूबाई म्हणायच्या. शेत, म्हातारी माणसं, जनावरं, पोरं, सगळं बायकांनी ओढलं. वर्षातून दोनदा मालक यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. म्हणजे बायका जास्त नव्हत्या, पुरुष घरी नव्हते. सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची तऱ्हा वेगळी. तिकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात केरळपासून बंगालपर्यंत पोचली. बायकोमुलांना घेऊनच गेली पुष्कळ जण, आणि घरांना कुलपं लागली. दुष्काळाने जे हाकललं, त्याचं सोनं केलं म्हणायचं.

गाव सोडून जाणं अजून थांबलेलं नाही. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. सांगलीची वाढली ९ टक्क्यांनी, साताऱ्याची जेमतेम ७. साताऱ्यात २८ लाखांचे ३० लाख झाले एवढंच. बाकीची वाढ पुण्या-मुंबईच्या खात्यावर जमा झाली. मुलं थोडी होतात आणि मोठी झाली की निघून जातात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, काही पुरुष गावी परतले, त्यामुळेही तो १०२९ चा आकडा उतरला असणार. पण सगळा उतार त्यामुळे नाही.

आता दुसरा आकडा. शून्य ते सहा वर्षांच्या मुलामुलींचा. हा आकडा खोटं बोलत नाही, कारण तीन वर्षांचं पोर काही गिरणीत कामाला जात नाही की पलटणीत भरती होत नाही. निसर्गाने जन्मतात ती हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली. २००१ च्या जनगणनेत साताऱ्यात ह्या वयाच्या मुली निघाल्या हजाराला ८७८. सांगलीत ८५१. शेजारच्या कोल्हापुरात ८३९. सांगली जिल्ह्यात हजार मुलांमागे शंभर मुली कमी, आणि त्या मुंबईला गेलेल्या नव्हत्या. त्या आल्याच नव्हत्या.

२००१ साली शून्य ते सहा वर्षांची असलेली ही मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. म्हणजे आमची निळी फाईल.

आता घरातलं सांगते. अक्कांना, म्हणजे जाऊबाईंना, विचारूनच लिहिते आहे. १९९७ साली बी. ए. ची परीक्षा देऊन मी ह्या घरात लग्न होऊन आले. अक्कांना पहिली मुलगी होती, तीन वर्षांची. पुढच्या श्रावणात त्यांना पुन्हा दिवस गेले. घरात कुणी मोठ्याने काही बोललं नाही. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, “उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचंय, लांब आहे, डबा कर.” मी पहाटे उठून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं करून दिलं. काय चाललंय ते मला कळत होतं. कॉलेजात असताना ह्याच विषयावर मी भाषण केलं होतं, बक्षीस मिळालं होतं. तरी डबा बांधला आणि दार लावून घेतलं. परवा दिवशी अक्का परत आल्या त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. “ह्या खेपेला राहिलं नाही,” एवढंच आळीत सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, पेढे वाटले. तोच हा, निळ्या फायलीतला.

तेव्हाही हे बेकायदाच होतं बरं का. गर्भाचं लिंग तपासण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण बायकांचा फार गोंधळ होतो. गर्भपात करून घेणं हा गुन्हा नाही, १९७१ पासून त्याला कायद्याने मान्यता आहे, त्याचे नियम आहेत, आणि अडचणीतल्या बाईला त्याची गरज पडते. गुन्हा आहे तो मुलगी आहे का हे बघण्याचा, आणि मुलगी म्हणून पाडण्याचा.

हे सगळं गरिबीमुळे होतं, असं आपल्याला वाटतं. उलट आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर म्हणजे ऊस, साखर कारखाने, दूध संघ, शाळा-कॉलेजं. २०११ मध्ये सातारा आणि सांगली दोन्हीकडे साक्षरता ८० टक्क्यांच्या वर होती. आणि २००१ मध्ये गडचिरोलीत, जिथे दवाखाना गाठायला जंगल तुडवावं लागतं, तिथे लहान मुली होत्या हजाराला ९६६! सोनोग्राफीचं मशीन गावात आलं ते रस्ता आणि पैसा असलेल्या ठिकाणी आधी आलं. त्यात कुटुंबं लहान झाली. सासूबाईंच्या वेळी चार मुलींनंतर मुलगा झाला तरी चालायचं, पाच-सहा पोरं असायचीच. आता दोनच हवीत. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर तिसरं चालत नाही. राज्यात एका बाईला सरासरी दोनही मुलं होत नाहीत, २०१९-२१ च्या पाहणीत ती सरासरी १.७ निघाली. मुलं कमी झाली, पण त्यात एक तरी मुलगा पाहिजे हा हट्ट तेवढाच राहिला. मग दोनमधून एक कुणाला वगळायचं, ते ठरलेलंच.

ज्यांच्याकडे तपासणीला पैसे नव्हते त्यांनी दुसरा उपाय केला. मुलीचं नाव नकुसा ठेवलं, नकुशी ठेवलं. नाव ऐकून तरी देवाने पुढची मुलगी पाठवू नये म्हणून. २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने अशा मुली शोधून काढल्या. आमच्या मंडळाच्या आम्ही तिघी-चौघी आशाताईंबरोबर तेव्हा घरोघर फिरलो. पाटण, माण, खटाव, कुठेही जा, एखादी नकुसा निघायचीच. २२ ऑक्टोबरला साताऱ्यात कार्यक्रम झाला, पावणेतीनशेहून जास्त मुलींना नवीन नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं मिळाली. आम्ही गेलो होतो त्यातल्या एका घरी मुलीला विचारलं, तुला कोणतं नाव हवं? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “हजेरीत बाई हाक मारतील तेव्हा पोरं हसणार नाहीत असं.” तिची आई दारात उभी होती, तिचंही नाव नकुसाच. तिला कुणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. ते आजही मनाला लागून आहे.

त्याआधी २००७ मध्ये ह्याच जिल्हा परिषदेने ‘हनिमून पॅकेज’ काढलं होतं. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ऐकून महिला मंडळात पदर तोंडाला लावून हसण्याची साथ आली होती. पण लवकर लग्न, लवकर बाळंतपण हे आपल्याकडचं मोठं दुखणं, त्यावर कुणीतरी सरळ बोललं, हेही खरं.

आणि ॲड. वर्षा देशपांडे. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाच्या. गरोदर बायकांना सोबत घेऊन, लपवलेल्या टेपने पुरावे गोळा करून त्यांनी एकेक तपासणी केंद्र पकडून दिलं. त्या गरोदर बायकांच्या धाडसाचं मला जास्त कौतुक वाटतं. सातव्या-आठव्या महिन्याचं पोट घेऊन कोर्टात साक्षीला कोण उभं राहतं? २०२५ मध्ये देशपांडेंना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

२०११ मध्ये आकडे थोडे वर सरकले होते. लहान मुली साताऱ्यात ८९५, सांगलीत ८६७. पण मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका बाईचा गर्भपातात जीव गेला आणि पुढे ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. त्या आठवड्यात आमच्या घरात टीव्ही लागला की अक्का उठून आत जायच्या.

हे पालटतच नाही असं मात्र नाही. दक्षिण कोरियात १९९० मध्ये शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, आपल्यासारखाच मुलाचा हट्ट. २००७ च्या सुमारास तिथलं प्रमाण निसर्गाच्या जागेवर आलं. कायदा होताच, पण मुली शिकल्या, कमावू लागल्या, आईबापांना सांभाळू लागल्या, तेव्हा हट्ट सुटला. सतरा वर्षं लागली.

आपल्याकडे सध्या काय चाललंय? एजंट लोक लांबच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून मुली आणून देतात. हुंडा उलटा झाला, मुलाकडचे पैसे मोजतात. काही ठिकाणी चार दिवसांत नवरी दागिन्यांसकट पसार होते, मग पोलीस ठाणं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर बाशिंगं बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या मुलांचा कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला, ‘आम्हाला बायको द्या’ म्हणून. लोक हसले. मला हसू आलं नाही.

मेळाव्यात एक काका माइकवरून म्हणाले, मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात, सगळ्यांना पुण्याची नोकरी आणि फ्लॅट पाहिजे. टाळ्या पडल्या. अहो, मग? ज्या आईने जन्मभर पहाटे चारला उठून धारा काढल्या, भांगलणी केली आणि सातबाऱ्यावर जिचं नाव कधी चढलं नाही, तीच सांगते मुलीला, बाई, शेतकऱ्याकडे देणार नाही तुला. गुलाबी फायलीतल्या मुली थोड्या आहेत, म्हणून त्यांनी मिळेल तिथे जावं असं थोडंच आहे?

येती जनगणना १ मार्च २०२७ च्या तारखेची आहे. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे सोळा वर्षांनी आपल्याला कळेल, दोन्ही जिल्ह्यांत मुली किती आहेत ते.

मेळाव्याहून पुतण्याने मला गाडीवरून घरी सोडलं. वाटेत तो काही बोलला नाही, मीही नाही. अक्का ओट्याशी होत्या. “किती मुली आल्या होत्या?” त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. चहा ठेवत त्या म्हणाल्या, “ती असती तर यंदा सत्तावीस पूर्ण झाली असती.” अठ्ठावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मग माझ्या हातातल्या नोंदवहीकडे बघून म्हणाल्या, “तुझ्या त्या जनगणनेत तिला कुठे धरतात का गं?”