एका टाकीत बारा जण

दिवाणखान्यात फिश टँक असणं ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गोल्डफिश, गप्पी, एंजल हे गोड्या पाण्यातले मासे आपल्या चांगल्या ओळखीचे झालेत. पण अलीकडे खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे समुद्री माशांच्या मोठ्या टाक्याही लहान शहरांतल्या दवाखान्यांत, हॉटेलांत आणि हौशी घरांत दिसू लागल्या आहेत. समुद्री माशांचे रंग असे काही झळझळीत, की दुकानात गेल्यावर आपण साडीच्या दुकानात बसल्यासारखं ‘हा द्या, तोही द्या’ म्हणत सुटतो. पण मैत्रिणींनो, साडीचं कपाट आणि माशांची टाकी यात एक मोठा फरक आहे. कपाटातली पैठणी शेजारच्या नारायणपेठेला खाऊन टाकत नाही!

हा विषय माझ्या वाट्याला आला तो आमच्या विरंगुळा केंद्रामुळे. तालुक्याच्या गावात आम्ही काही जणी ज्येष्ठ नागरिकांसाठी हे केंद्र चालवतो. मुंबईत स्थायिक झालेल्या इथल्याच एका कुटुंबानं आपली सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी यंत्रांसकट केंद्राला देऊन टाकली. मासे मात्र आमचे आम्ही आणायचे होते. वर्गणीचा पैसा, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं. ‘तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच वाचून ठरवा,’ असं म्हणत सगळ्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. आता बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला समुद्री माशांचं काय कळणार? पण वाचत गेले, मासे पाळणाऱ्यांना विचारत गेले आणि त्यात रमूनही गेले.

पहिल्याच दिवशी तात्यांनी फर्मान काढलं, “वहिनी, तो पिसारेवाला लायनफिश हवाच. रुबाबदार दिसतो.” एकीच्या नातवाला ‘डोरी’ हवी होती. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, सगळे एकत्र राहतात, काही होत नाही.” कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजी तेवढ्या हळूच म्हणाल्या, “काय हवं ते आणा गो, पण रोज एक मेलेला मासा बघायला नको. त्यासाठी नाही आम्ही इथं येत.”

मासे निवडताना आजींचं ते वाक्य मी शेवटपर्यंत समोर ठेवलं.

आधी पाणी, मग पाहुणे

आमच्या टाकीत खडक-वाळू गेल्यावर साधारण ६०० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे हिशेबानं २१ किलो मीठ झालं! हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे हं. मत्स्यालयासाठी खास समुद्री मीठ मिळतं, तेच लागतं. ‘समुद्र एवढा हाकेच्या अंतरावर, मग आणा की तिथूनच पाणी,’ असं अनेकांनी सुचवलं. पण खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा सारखा बदलतो, शिवाय त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे.

पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखाच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू टाकीत वाढावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात. आपण दह्याला विरजण लावून थांबतो ना, तसंच. फक्त हे विरजण जरा सावकाश लागतं.

पूर्वी या काळात स्वस्तातले डॅमसेल मासे सोडायची पद्धत होती, कारण ते चिवट. त्या माशांचे हाल तर होतातच, शिवाय जे जगतात ते टाकीचे मालक होऊन बसतात. निळाशार डॅमसेल किंवा काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो लहानपणी फार गोड दिसतो. मोठा झाला की नंतर आलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो. सहा फुटांच्या टाकीतही तो दुसऱ्याला सुखानं जेवू देत नाही. म्हणून ही दोन्ही नावं मी यादीतून सुरुवातीलाच काढली.

कुणाचं कुणाशी जमतं?

खूप वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक माशाबद्दल चारच प्रश्न विचारायचे. पूर्ण वाढला की केवढा होतो? काय खातो? आपल्याच जातीचा किंवा आपल्यासारखा दिसणारा दुसरा त्याला चालतो का? आणि त्याच्या तोंडात मावेल असं आपल्या टाकीत कोणी आहे का?

या शेवटच्या प्रश्नातच तात्यांचा लायनफिश बाद झाला. तो भांडखोर अजिबात नाही. पिसारा पसरून शांतपणे तरंगत असतो. पण तोंडात मावेल तो मासा गिळणं हा त्याचा स्वभावच. शिवाय त्याचे काटे विषारी आहेत. टाकी साफ करताना टोचला तर भयंकर वेदना होतात. लायनफिश आपल्या हिंदी महासागरातला आणि पॅसिफिकमधला, पण १९८५ मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सापडला. पाळणाऱ्यांनी सोडून दिलेल्या माशांतूनच तिथे त्याचा प्रसार झाला असं मानलं जातं. आज तिथल्या समुद्रात त्यानं स्थानिक माशांची दाणादाण उडवली आहे. म्हणूनच नकोसा झालेला मासा खाडीत किंवा समुद्रात कधीही सोडू नये. हे ऐकल्यावर तात्या म्हणाले, “मग राहू दे बापडा त्याच्या घरी.”

‘डोरी’ म्हणजे ब्लू टँग. दुकानात तो तीन बोटांएवढा असतो, पण पूर्ण वाढल्यावर एक फुटापर्यंत जातो. त्याला दिवसभर पोहायला मोकळी जागा लागते. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. दोन टँग, त्यातही सारख्या आकाराचे, एकत्र ठेवले तर त्या काट्यानं एकमेकांना फाडतात. सहा फुटी टाकीत एखादा ठेवणारे लोक आहेत, पण त्याच्यासाठी ती जेमतेमच. या माशाची बंदिस्त पाण्यात पैदास करणं फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये पहिल्यांदा जमलं, तरी बाजारात येणारे बहुतेक ब्लू टँग अजून समुद्रातूनच पकडलेले असतात. आम्ही नातवाला टेप देऊन टाकी मोजायला लावली, मग माशाची पूर्ण वाढलेली लांबी जमिनीवर खडूनं काढून दाखवली. “म्हणजे त्याला चार उड्यांत टाकी संपणार?” त्यानंच विचारलं. प्रश्न मिटला!

काही मासे भांडत नाहीत, पण आपल्या टाकीत उपाशी मरतात. हे दुःख जास्त मोठं. अनेक जातींचे बटरफ्लाय मासे प्रवाळाचे जिवंत जीवच खातात. नक्षीदार मँडरिन मासा डोळ्यांना जेमतेम दिसतील असे सूक्ष्म जीव दिवसभर टिपत असतो. क्लीनर रास तर इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. दुकानातलं खाणं त्यांच्यासमोर पडलेलं असतं आणि ते वाळत जातात. दिसायला कितीही देखणे असले तरी नवशिक्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये.

आमची यादी

शेवटी आम्ही बारा जण निवडले. पहिली जोडी गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबीची. गोबी म्हणजे भाजीतला नव्हे! आपल्या खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात ना, त्यांचाच हा लांबचा भाऊबंद. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ उत्तम खणते. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. कोळंबी काम करताना आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघं बिळात! आमच्या केंद्रातला सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम हाच.

दुसरी बांगाई कार्डिनलची जोडी. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा हा काळ्या-रुपेरी पट्ट्यांचा शांत मासा. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात सांभाळतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ महिनाभर तो बहुतेक उपाशीच असतो. हे सांगितल्यावर केंद्रातल्या बायका आपापल्या यजमानांकडे बघून जे हसल्या! हौशी लोकांसाठी इतके पकडले गेले, की २००७ मध्ये या माशाची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये झाली. म्हणून हॅचरीत वाढवलेलेच घ्यायचे. तेही जमलेली जोडीच, कारण गर्दीत ठेवले तर एक जोडी जमते आणि ती बाकीच्यांना छळते.

मग सहा ग्रीन क्रोमिस. डॅमसेलच्याच कुळातले, पण स्वभावानं बरेच मवाळ. हिरवट-निळा थवा टाकीभर फिरतो. पण त्यांच्यातही दुबळ्याला टोचण्याची खोड असते. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला दिलं की भांडणं कमी होतात. आमच्यातला एक मासा सारखा कोपऱ्यात ढकलला जात होता. त्याला पंधरा दिवस बाजूच्या छोट्या टाकीत ठेवून, खाऊपिऊ घालून परत आणला. आता थव्यात आहे.

आणि शेवटी दोन क्लाऊनफिश, म्हणजे २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातला निमो. यांची गंमत वेगळीच. हे सगळे आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो आणि घर तिच्या ताब्यात असतं. ती गेली तर तिचा नर मादी होतो आणि पुढचा त्याची जागा घेतो. म्हणून दोन लहान, एक जरा मोठा आणि एक धाकटा, असे आणायचे. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर जीव घेईपर्यंत भांडतात. समुद्रफुलाशिवाय हा जगत नाही, असं आपल्याला वाटतं, पण टाकीत तो त्याच्याशिवाय मजेत राहतो.

आणण्याचा क्रमही यादीइतकाच महत्त्वाचा. भित्रे आधी आणि हक्क सांगणारे शेवटी, म्हणून गोबी पहिला आणि क्लाऊनफिश सर्वांत शेवटी. प्रत्येक नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा, कारण एकाच्या अंगावरून आलेला रोग सगळ्यांना संपवतो. नवा मासा मोठ्या टाकीत सोडताना खडकांची जागा थोडी बदलायची आणि दिवा बंद ठेवायचा. जुन्यांचे कोपरे मोडतात, सगळेच नव्यानं जागा शोधतात आणि नवख्याला सवड मिळते.

एवढ्या मोठ्या टाकीत बाराच का, असं येणारे-जाणारे विचारतात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती, ते आठवा. वीज गेली की पाणी फिरायचं थांबतं आणि प्राणवायू कमी होतो. बॅटरीवरचा हवेचा पंप आम्ही ठेवला आहेच, पण मासे कमी असतील तरच तो पुरतो.

हा आला कुठून?

दुकानदाराला हे विचारायला लाजू नका. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडे प्रवाळात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार अनेक वर्षं झाले आहेत. त्यात प्रवाळ मरतं आणि दुकानात धडधाकट दिसणारा मासा काही दिवसांत दगावतो. हॅचरीतला मासा टाकीत वाढलेला, तयार खाणं खाणारा. क्लाऊनफिशची पैदास तर आपल्या देशातही होते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिथल्या बायकांना शोभेची समुद्री कोळंबी आणि क्लाऊनफिश वाढवायला शिकवलं आहे. आपल्याकडे ऐरोलीतही कांदळवन प्रतिष्ठानच्या साथीनं असं पैदास केंद्र उभं राहिलं आहे. किनाऱ्यावरच्या बचत गटांनी याची जरूर चौकशी करावी.

आणि कुणी समुद्री घोडा किंवा जिवंत प्रवाळ देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. सगळ्या जातींचे समुद्री घोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती विकत घेणं हा गुन्हा आहे.

समुद्रात न पटणारा शेजारी भेटला तर मासा निघून जाऊ शकतो. आपल्या टाकीत त्याला जायला जागा नसते. त्याच्या वतीनं विचार आपण करायचा, आणि तोही पैसे मोजण्याआधी. तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी ते चार प्रश्न कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. दुकानदार हसला तरी चालेल. उत्तर मिळेपर्यंत पिशवीत मासा घेऊ नका.