पिलाचे अंथरूण आणि पिंजरा

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून कुत्र्याच्या पिलाच्या अंथरुणाविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु युनियनच्या कचेरीत माणूस बोनसची नि प्रॉव्हिडंट फंडाची चौकशी करायला येतो आणि कागद आवरता आवरता हळूच विचारतो, "भाऊ, मुलांनी पिल्लू आणलंय. रात्रभर रडतं, शेजारी भांडायला येतात. पिंजरा घ्यावा म्हणतो. कसा घ्यावा?" असे एकदा नव्हे, पुष्कळदा झाले. आमचे शालेय शिक्षण आठवीपाशीच थांबले, तेव्हा न कळणारी गोष्ट वाचून आणि जाणत्याला विचारून समजून घ्यायची सवय आम्हांस आहे. त्या सवयीतून जे हाती लागले, ते श्रोत्यांपुढे ठेवतो.

प्रथम रडण्याचे कारण पाहू. पिल्लू घरी येते तोवर त्याने एकही रात्र एकट्याने काढलेली नसते. आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात, एकमेकांच्या उबेवर ते झोपलेले असते. आपण ते उचलतो, रिक्षात घालतो आणि त्याच रात्री स्वयंपाकघराच्या गार फरशीवर एकटे ठेवून दिवा मालवतो. त्याने रडू नये तर काय करावे? आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा नियम केंद्र सरकारने २०१७ साली केला, तो याचसाठी. आई आणि भावंडे यांच्या संगतीत जे शिकायचे, ते पुढे माणसाला शिकविता येत नाही. म्हणून पिल्लू आणावयास जाताना एक जुने फडके बरोबर न्यावे, आईच्या अंथरुणावर ते घासून आणावे आणि पहिल्या रात्री पिलाजवळ ठेवावे. पैसा खर्च होत नाही आणि गुण येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वयात पिल्लू दिवसाकाठी अठरा-वीस तास झोपते आणि झोपेतच वाढते. त्याचे अंथरूण ही काही चैनीची बाब नव्हे.

आता अंथरूण कोणते? दुकानात मऊ, फुगीर, रंगीत गाद्या मांडलेल्या असतात आणि मुले त्यांवर भाळतात. आमचे स्पष्ट मत असे की, पहिले वर्षभर महागडी गादी घेऊच नये. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू सापडेल ते चावते. फोमची गादी त्याने फाडली तर ते नुसते नुकसान नव्हे. फोमचे तुकडे पोटात गेले की आतडे तुंबते आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. कापूस भरलेली गादी ओली झाली की लवकर वाळत नाही; तिच्या गाठी होतात, कुबट वास येतो.

आपल्या घरात याहून चांगली वस्तू आहे, ती म्हणजे गोधडी. जुन्या सुती लुगड्यांची, घट्ट टाक्यांची गोधडी धुता येते, उन्हात तासा-दोन तासांत वाळते, थंडीत दुहेरी घालता येते आणि उन्हाळ्यात काढून ठेवता येते. मात्र टाके सुटलेली गोधडी देऊ नये. लांब दोरा गिळला गेला तर तोही आतड्यात घात करतो. दोन गोधड्या असाव्यात, एक अंगाखाली आणि एक दोरीवर. गोणपाट स्वस्त खरे, पण त्याने कोवळ्या पोटाची कातडी खरचटते, आणि त्याचे तंतू पिल्लू उपटून खाते. पश्मी ऊर्फ कारवान जातीचे, म्हणजे अंगावर मांस नि केस दोन्ही कमी असलेले कुत्रे असेल, तर त्याच्या कोपरांखाली जाडसर अंथरूण हवे. नाहीतर कठीण फरशीने तेथे घट्टे पडतात.

आपल्याकडे ऊन आणि पाऊस या दोहोंचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकते. चैत्र-वैशाखात केसाळ पिल्लू गादी सोडून मोरीपाशी ओल्या फरशीवर पसरते, तेव्हा त्याला हट्टाने गादीवर आणून निजवू नये. त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. मोठ्या कुत्र्याला निवारीची, जमिनीपासून वीतभर उंच बाज उत्तम, कारण खालून वारा खेळतो. पावसाळ्यात ओल, बुरशी आणि गोचीड यांची पीडा. गोचीड कुत्र्याच्या अंगावर पोट भरून घेतो आणि अंडी घालायला भिंतीच्या फटींत जातो. म्हणून अंथरूण भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावे. गोधडीत डांबरगोळ्या ठेवण्याची आपली जुनी रीत कुत्र्याच्या बाबतीत मुळीच चालत नाही. त्या गोळ्या त्याला विष आहेत. फिनेलने पुसलेली जागाही नीट धुऊन वाळल्याखेरीज पिलाला तेथे सोडू नये, कारण पिल्लू पाय चाटते.

आता पिंजऱ्याकडे वळू. दुकानदार त्याला क्रेट म्हणतात. अमेरिकेत घरात क्रेट ठेवणे ही सर्रास रीत आहे. उलट स्वीडनमध्ये प्रवासासारखे अपवाद सोडले तर कुत्र्याला असे कोंडून ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. क्रेटचे समर्थक सांगतात की, कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी. हे अर्धेच खरे आहे. लांडगीण गुहा धरते ती पिले लहान असताना, काही आठवडे; आणि त्या गुहेला दार नसते. सगळा वाद त्या दारापाशी येऊन थांबतो. कुत्र्याला तीन बाजूंनी आडोसा असलेली, पायदळी न येणारी जागा आवडते, हे खाटेखाली पाहिले तरी कळेल. पण आवडीने आत शिरणे वेगळे आणि बाहेरून कडी लागणे वेगळे.

तेव्हा क्रेट घ्यावा, पण खोली म्हणून घ्यावा, कोठडी म्हणून नव्हे. त्याचे माप पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे धरावे: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि वर चार बोटे; बसल्यावर डोक्यापर्यंत उंची आणि वर चार बोटे. आत उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून निजता यावे. लॅब्रॅडॉरला साधारण ४२ इंच लांबीचा लागतो, मध्यम गावठी कुत्र्याला ३६ इंचांचा पुरतो. पिल्लू लहान असेतो आत आडवी जाळी घालून जागा कमी करावी. कारण असे की, पिल्लू आपली निजायची जागा सहसा घाण करीत नाही. पण जागा फार मोठी असली की एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्या कोपऱ्याचा संडास करते. जाळी सरकविता येणारा क्रेट घेतला म्हणजे दर तीन महिन्यांनी नवा घ्यावा लागत नाही.

आपल्या हवेत तारेचाच क्रेट बरा. बंद प्लॅस्टिकचा प्रवासाला ठीक, घरात उन्हाळ्यात तापतो. लाकडी खोक्याच्या सांध्यांत गोचीड घर करतात. तारांमधील अंतर इतके लहान असावे की पिलाचे डोके वा जबडा अडकू नये. खालचा ट्रे ओढून काढता यावा. आत ठेवताना गळ्यातला पट्टा न चुकता काढावा. तो तारेत अडकून फास बसतो. जागा माणसांच्या वावराजवळची, पण दाराच्या वाटेत न येणारी हवी. पश्चिमेची बाल्कनी दुपारी भट्टीसारखी तापते, तेथे ठेवू नये. रात्री क्रेट आपल्या अंथरुणाशेजारी असावा. हात आत घालता आला की निम्मे रडणे थांबते.

पहिले काही दिवस दार उघडेच राहू द्यावे. जेवण आत द्यावे. मग जेवता जेवता दार क्षणभर लावून उघडावे, पुढे मिनिटभर, पुढे पाच मिनिटे. शिक्षा म्हणून एकदाही आत घालू नये; घातले की इतक्या दिवसांची मेहनत फुकट गेली असे समजावे.

आणि किती वेळ? येथे आम्हांस थोडे कठोर बोलावे लागेल. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळविला की तितके तास ते लघवी धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. आता घराचा हिशेब मांडा. नवरा पहिल्या पाळीला, बायको कचेरीत, मुले शाळा आणि शिकवणीला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दहा तास! १९४८ च्या फॅक्टरी अधिनियमाने धडधाकट माणसालासुद्धा सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. मग दोन महिन्यांच्या जिवाला दहा तास कडीत ठेवणे कोणत्या न्यायात बसते? जनावरांचाही कायदा आहे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या विधेयकामुळे या प्रश्नाला वाचा फुटली आणि १९६० साली प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा आहे. आखूड साखळीने अवास्तव वेळ बांधणे गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरविले नाही, तर तोही गुन्हा आहे.

घरात कोणीच नसेल तर क्रेट हा त्यावर उपाय नव्हे. खोलीचा एक कोपरा जाळीच्या कुंपणाने अडवावा, उघडा क्रेट, पाणी आणि एका कडेला वर्तमानपत्र ठेवावे, आणि दुपारी कोणी तरी येऊन बाहेर नेईल अशी पक्की व्यवस्था आधी करावी. हे 'कोणी तरी' बहुतेक घरांत बाईमाणूसच असते, आणि पिल्लू आणताना तिला विचारलेले नसते. एका घरात आम्ही पाहिले, पिल्लू मुलाच्या हट्टाचे, फोटो बापाच्या मोबाइलवर, आणि पहाटे पाचला फडके घेऊन वाकलेली आजी! म्हणून पाळ्या आधी लावून घ्याव्यात. पहाटेची कोणाची, दुपारची कोणाची, निजण्यापूर्वीची कोणाची, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिलाला लगेच बाहेर न्यावे लागते. रात्रीही पहिले काही आठवडे एकदा उठावे लागते. ही पाळी भरायला माणूस मिळत नसेल, तर पिल्लू आणणे वर्षभर पुढे ढकलावे, किंवा मोठे, शिकलेले कुत्रे घ्यावे.

पिल्लू मोठे होऊन घरात मोकळे राहू लागले म्हणजे क्रेटचे दार बिजागरीतून काढून माळ्यावर टाकावे. क्रेट मात्र मोडीत देऊ नये. दिवाळीत फटाके वाजू लागले की कुत्रे आपण होऊन त्यात जाऊन बसते. तेव्हा वरून एक जाड चादर टाकावी आणि पुढची बाजू उघडी ठेवावी.